पोटात गिअर असलेली सायकल

यंदाची खंडेनवमी. सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं. ठिकाण कामशेतच्या बाजारातलं आमचं सायकलचं दुकान. हजर: मी. वडिवळ्याचे किसनभाऊ. त्यांच्या पत्नी पारूमावशी. त्यांचा मुलगा संतोष, जो या दिवशी खरं तर हायवेवर असायला हवा होता. लोणावळ्याचे निवृत्त रेल्वे गार्ड, ज्यांना सगळे गार्डसाहेब म्हणतात आणि ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शिवाय एक हिरवी सायकल, उन्हाळ्यापासून हुकाला टांगलेली.

अशी यादी करायची सवय मला दुकानाने लावली. कुठल्या सायकलीचं काय काढलंय, काय घालायचंय, कोण कधी नेणार, हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं नसेल तर संध्याकाळी माझ्या हातात छर्रे उरतात आणि गिऱ्हाइकाच्या चाकात खडखडाट. दुकान वडिलांचं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते कसं सुरू झालं, मी त्यात कशी आले, कोण काय म्हणालं, हे सगळं सांगत बसत नाही. दुकान वाढलं नाही, टिकलं. मला फक्त एका जातीच्या सायकलीबद्दल आणि तिच्यावर बसणाऱ्या दोन माणसांबद्दल सांगायचं आहे.

गिअरची सायकल म्हटलं की लोकांना मागच्या चाकाजवळची चकत्यांची उतरंड आठवते. साखळी एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते. दिसायला झोकदार. पण आमच्याकडे पावसाळ्यात तिच्यात चिखल बसतो, भातकापणीला पेंढा अडकतो, आणि सायकल भिंतीला जरा जोरात टेकवली तरी साखळी सरकवणारा तो लोंबता दांडा वाकतो. पोटातल्या गिअरचं तसं नाही. मागच्या चाकाच्या मधोमध जो हब असतो, ज्यात साध्या सायकलीला नुसते छर्रे आणि ग्रीस असतं, तो इथे लोट्यासारखा फुगीर असतो आणि गिअर त्याच्या आत बंद.

आतली रचना मी लोकांना भोंडल्यावरून सांगते. मधोमध पाटावर हत्ती, तो हलत नाही. भोवती मुलींचा फेर. तसं मधोमध एक दातेरी चाक एक्सलला पक्कं बसवलेलं, त्याच्याभोवती लहान चाकं फेर धरतात, आणि त्यांच्याही बाहेर दातांची एक मोठी बांगडी. पायाचा जोर फेराला दिला की बांगडी जोरात पळते. तो गिअर सपाटीचा. बांगडीला दिला की फेर सावकाश फिरतो, तो चढाचा. आणि दोन्ही नको असतील तर पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला. झाले तीन गिअर.

हा जोर चाकाला धरून देण्याचं काम लहान पोलादी दात करतात. आमच्या धंद्यात त्यांना कुत्रे म्हणतात, कारण ते चावून धरतात. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना उभं ठेवते. या हबात चढाचे कुत्रे वेगळे असतात. सपाटीवर त्यांना काम नसतं, पण ते झोपत नाहीत. वरून दाते सरकत जातात तसे ते टिकटिक, टिकटिक करत राहतात. चढ आला, खालचा गिअर टाकला, की टिकटिक थांबते आणि कुत्रे ओझं धरतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सायकली माझ्याकडे आल्या त्या लोणावळ्याच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून. पाहुण्यांनी तलावाभोवती फिरावं म्हणून मालकाने घेतल्या होत्या. पाहुणे गाडीतून उतरून जेवायला आणि जेवून गाडीत, त्यामुळे सायकली शेडखाली उभ्या राहून नुसत्या धुळीने म्हाताऱ्या झाल्या. मी तो सगळा जथा उचलला, एकेक उघडून तेल दिलं, आणि रोज कामाला जाणारे लोक शोधून त्यांना दिल्या. चिक्कीच्या कारखान्यातल्या दोघी बहिणी, कार्ल्याच्या फाट्यावरचा हॉटेलातला आचारी, अशी माणसं. हौशी लोकांना एकही दिली नाही. हौशी माणूस सायकल विकत घेतो आणि भिंत शोधतो.

गार्डसाहेब अपवाद. त्यांनी मागितली आणि मला नाही म्हणता आलं नाही. घेतल्यापासून त्यांचा त्या हबवर संशय.

"ताई, आम्ही नोकरीभर शेवटच्या डब्यात बसलो," ते म्हणायचे. "पुढे इंजिनात काय चाललंय ते दिसत नाही, मान्य. पण प्रेशरचा काटा तरी दिसतो. तुमच्या या डब्याला काटा कुठंय?"

"काटा नाही साहेब. आवाज आहे."

"आवाज म्हणजे रीडिंग नव्हे."

एकदा ते तावातावाने आले. बाजार करून परतताना रोज गिअर सुटतो, पेडल रिकामं फिरतं. जाताना नाही, फक्त येताना. हब उघडा, आत तुटलंय. मी म्हटलं, आधी जसे येता तसे येऊन दाखवा. ते बाजार करून आले आणि हँडलला पिशवी तशीच लटकलेली. पिशवीत दुधी भोपळा, आणि तो गिअरच्या वायरवर बरोबर टेकलेला. या हबात दोन गिअरांच्या मध्ये एक पोकळ जागा असते. वायर ताणली गेली की गिअर त्या पोकळीत जाऊन बसतो आणि पाय हवेत. तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक सायकलींचं दुखणं हेच असतं. हब ठणठणीत, वायर चुकलेली. मी भोपळा काढून त्यांच्या हातात दिला. गार्डसाहेबांनी तो दोन्ही बाजूंनी तपासला आणि म्हणाले, "ठीक. कॉज एस्टॅब्लिश्ड."

किसनभाऊ अगदी वेगळे. वडिवळ्याहून रोज कामशेतला भाताच्या गिरणीत येणारा माणूस. गावाकडे थोडी खाचरं, ती भाऊबंदांबरोबर. गुडघा दुखरा, त्यामुळे साध्या सायकलीवरून चढाला उतरून चालावं लागायचं. मी त्यांना ही हिरवी दाखवली तेव्हा बरोबर पारूमावशी होत्या. मावशींची नजर जवळजवळ गेलेली आहे. उजेड-अंधार कळतो, रंगाचा अंदाज येतो, माणूस मात्र आवाजावरून. त्या खाली बसल्या आणि त्यांनी मागच्या चाकाचा हब हाताने चाचपला.

"लय भरलीय वो," त्या म्हणाल्या. "पोटुशी हाये जनू."

भाऊंनी विचारलं, "ताई, ह्यात काय बिघाड झाला तर?"

"भाऊ, यात बिघडण्यासारखं काही नाही," मी म्हणाले. वाक्य फार सोपं होतं, आणि मला ते म्हणायला आवडायचं.

तेव्हापासून दर आठवडेबाजाराला ही दोघं यायची. भाऊ पुढे, मावशी मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून, उजवा हात सीटच्या स्प्रिंगला. बाजार करायचा, दुकानात चहा घ्यायचा, आणि जायचं. सायकल दुकानाशी थांबायच्या आत मावशींचं बोलणं सुरू झालेलं असायचं. अमक्याच्या खळ्यावर आज मळणी चाललीय. ओढ्याला पाणी उतरलंय. गिरणीचा पट्टा सैल झालाय, फडफडतोय, सांगा मालकाला. मी एकदा भाऊंना म्हटलं, तुम्ही डोळे उघडे ठेवून येता तरी इतकं बघत नाही. ते म्हणाले, "मी कशाला बघू? मागं बसलीय की बघनारी."

मग गेल्या उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, संतोष टेम्पोतून ही सायकल घेऊन आला. हँडल वाकडं, मडगार्ड चेपलेलं. त्याने ती दुकानासमोर उतरवली आणि मला म्हणाला, "ही घ्या तुमची न बिघडणारी सायकल."

गावाजवळच्या शेवटच्या चढाला गिअर सुटला होता. मागे मावशी, हँडलला बाजाराच्या पिशव्या, भाऊंनी जोर लावला आणि पेडल रिकामं फिरलं. दोघं रस्त्याच्या कडेला पडले. भाऊंचं मनगट मोडलं. मावशींचं कोपर सोललं आणि कपाळाला खोक पडली. मागून गाडी नव्हती म्हणून तेवढ्यावर निभावलं.

"अण्णांना मी सांगितलंय, परत सायकल घरात आणायची न्हाई," संतोष म्हणाला. "मी हाय, माझी मोटरसायकल हाय. आईला कुटं जायचं आसंल तितं मी नेईन. तुमी लोकांच्या गळ्यात काय मारता ते बघत जा, ताई."

बाजारातले चारजण थांबून ऐकत होते. मी त्याला बस म्हणाले नाही, पाणी विचारलं नाही. दोघं कसे आहेत एवढंच विचारलं. तो गेला. पोरगा उर्मट नाही, घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी कामं बाजूला ठेवून हब उघडला. पहिली शंका वायरची. वायर बरोबर होती. दुसरी शंका ग्रीसची. आपल्याकडे हब म्हटला की ग्रीस ठासून भरायची रीत आहे. या हबला ते चालत नाही, कुत्रे त्यात गाळात रुतल्यासारखे बसतात. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की शिलाई मशीनचं पातळ तेल, चार थेंब, बाकी हात लावू नका. ग्रीसही नव्हतं. एक्सल बाहेर ओढला आणि आतून चहासारखं पाणी आलं. दुधाचा चहा, गंजाच्या रंगाचा. तेल आणि पाणी घुसळून झालेला तो राप सगळ्या दात्यांवर होता. चढाचे कुत्रे आडवे पडून चिकटले होते. त्यांच्या स्प्रिंगा बोट लावताच तुटल्या.

हबला पावसाचं पाणी लागत नाही. चिखलातून गेला तरी आत काही जात नाही. बाजूच्या झाकणांची घडणच तशी आहे. एवढं पाणी आत शिरायला कुणीतरी जोराने घालावं लागतं. कुणी घातलं, ते मला समजेना.

म्हणून मी वडिवळ्याला गेले. बरोबर केळी, पाव, मावशींसाठी मलम, आणि विचारायच्या प्रश्नांची यादी मनात. भाऊ ओसरीवर हात गळ्यात बांधून बसले होते. मावशींनी माझी पावलं ओळखली. "दुकानवाली आली," त्या म्हणाल्या. "चपला घासत चालती."

संतोष कामावर गेला होता. चहा झाल्यावर मी म्हटलं, "मावशी, चांगलं झालं ना, आता पोरगा मोटरसायकलवर नेतो."

मावशी म्हणाल्या, "एकदा गेले. आता न्हाई जायाची."

"भीती वाटते?"

"भ्या कशाचं? पोरगं माझं संभाळून चालवतं." त्यांनी हाताने हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं. "सायकलीवर मला समदं दिसतं, बाई. वढा आला, बांबूचं बेट आलं, कुनाच्या दारात कुत्रं हाये, कुनाची सून भांडी घासती. हे न्हाई बोलले तरी चाकाचा आवाज सांगतो, आता पूल, आता डांबर संपलं. मोटरसायकलीवर बसले की निस्तं फटफटफट. मोटरसायकलीवर मी आंधळी हुते."

भाऊ अंगणाकडे बघत राहिले. बाजार आता तेच जीपने जाऊन करत होते. मावशी मोटरसायकलवरच्या त्या एका फेरीनंतर अंगणाबाहेर गेल्या नव्हत्या.

मी यादीतला प्रश्न विचारला. "मावशी, पडायच्या आधी सायकल काही वेगळी वाटत होती का?"

"मी ह्यांना कवाच सांगितलं हुतं," त्या लगेच म्हणाल्या. "टिकटिक बसत चाललीय म्हनून. आधी कशी, भिंतीवरच्या घड्याळावानी. मग थकल्यावानी. मग एक टिक हाये, एक न्हाई. ह्यांनी काय ऐकलं न्हाई."

"बरं झालं, आवाज कमी झाला, आसं मला वाटलं," भाऊ ओशाळून म्हणाले.

इथे मी तुम्हाला मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. सपाटीवर टिकटिक करणारे कुत्रे आणि चढावर ओझं धरणारे कुत्रे एकच. ते सपाटीवर मुके झाले याचा अर्थ चढावर एक दिवस सोडणार. गार्डसाहेबांना हवा असलेला काटा कॅरिअरवर बसलेला होता आणि दर बाजाराला रीडिंग देत होता.

"कधीपासून बसला आवाज?"

"दसऱ्याच्या पुढं," मावशी म्हणाल्या. "दसऱ्याला कशी लखलखत हुती म्हनं. संतोषनं धुऊन आनली हुती ना त्याच्या सेंटरवरनं. समदे बघायला आले. मी हात लावला, तर हाताला माती न्हाई, गार लागली निस्ती."

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ उठले आणि म्हणाले, "ताई, चला, तुमाला खाचर दावतो."

संतोष हायवेच्या कडेला गाड्या धुण्याच्या सेंटरवर काम करतो. खंडेनवमीला त्यांची दिवाळी. दुसऱ्या दिवशी पूजेला गाडी स्वच्छ पाहिजे म्हणून ट्रक, रिक्षा, टेम्पो, मुंबई-पुण्याच्या मोटारी, सगळ्यांची रांग लागते. आमच्याकडे पूजा नसते. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण आदल्या दिवशी हत्यारं काढून पुसायचा नेम आम्हीही पाळतो. दादा म्हणायचे, पान्याला हळदकुंकू नको, रॉकेल द्या. तर त्या रांगेच्या दिवशी संतोषने काय केलं होतं, ते भाऊंनी मला खाचराच्या बांधावर उभं राहून सांगितलं.

"समद्या गाड्या थांबवल्या त्यानं. एक मोठी काळी गाडी हुती, तिचा मालक खेकसत हुता. संतोष म्हनला, आधी माझ्या अण्णांची गाडी. आन् ती पाण्याची बंदूक घेऊन, हितनं तितनं, चाकात, हबात, फेस लावून. मी नगं नगं म्हनत हुतो. पर मला लय बरं वाटत हुतं, ताई. एवढ्या गाड्यांत माझी सायकल पहिली."

ती पाण्याची बंदूक ट्रकच्या चाकातला डांबरासारखा चिखल उडवते. हबच्या झाकणांचं तिच्यापुढे काय चालणार.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पडलो तवाच अंदाज आला. मनगट सुजलं हुतं, झोप न्हवती, इचार करायला येळ हुता." भाऊ माझ्याकडे वळले. "त्याला सांगू नका. त्यानं हौसेनं धुतली. आपल्या हातानं आई पाडली आसं त्याच्या डोक्यात बसंल, मग ते जनमभर निघायचं न्हाई. सायकल खराब निघाली, संपलं."

"आणि मावशी?"

भाऊंनी मला बांधावरून हात देऊन उतरवलं, मोडलेला नाही तो हात.

मी शब्द दिला आणि परत आले. पण दुकानात शब्द पाळणं सोपं नव्हतं. बाजारात बातमी फिरली होती की त्या पोटातल्या गिअरच्या सायकली माणसं पाडतात. चिक्कीच्या कारखान्यातल्या बहिणींपैकी धाकटीने सायकल आणून उभी केली. घरचे नको म्हणतात. आचाऱ्याने निरोप पाठवला. मी प्रत्येकीचा हब ऐकून बघितला, सगळे घड्याळासारखे बोलत होते. ठणठणीत सायकली दुकानात उभ्या, मला कारण माहीत, आणि तोंड बंद. मी स्वभावाने फार धीराची बाई नाही. दोनदा मी संतोषला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला.

गार्डसाहेब चौकशीला आलेच. खुर्ची ओढून बसले. "ताई, अपघात झाला म्हणजे कारण पाहिजे. माझ्याकडेही तोच डबा आहे."

"कारण सापडलंय साहेब. आत प्रेशरचं पाणी गेलं होतं."

"कुणी घातलं?"

"ते सांगणार नाही."

मला वाटलं, आता हे तासभर उलटतपासणी घेणार. पण त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाव नकोच," ते म्हणाले. "आमच्याकडे एखाद्या ठिकाणी चूक झाली की त्या माणसाचं काय व्हायचं ते व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी त्या जागी पाटी लागायची. पाटी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला वाचायची तो वाचतो."

मी त्याच दिवशी पाटी लिहिली आणि फळ्याच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी लावली. पोटात गिअर असलेली सायकल प्रेशरच्या पाण्याने धुऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी. टिकटिक बंद झाली तर चढाला नेऊ नये, दुकानात आणावी. तिचा फोटो काढून सगळ्या सायकलवाल्यांना फोनवर पाठवला. त्या सगळ्यांत किसनभाऊंचाही नंबर होता, आणि भाऊंच्या फोनवर आलेलं वाचून दाखवण्याचं काम घरात संतोष करतो. हे मला पाठवताना आठवलं होतं की नव्हतं, ते मी इथे लिहीत नाही.

संतोष आला तो पावसाळा तोंडावर असताना. पाटीसमोर उभा राहिला. खूप वेळ वाचण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं, तरी वाचत राहिला.

"ताई, ही पाटी कुनासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"पाणी गेलं तर लगेच कळतं?"

"नाही. हळूहळू गंजतं. महिने जातात."

"दसऱ्याला गेलं तर?"

"उन्हाळ्यापर्यंत चालते."

त्याने दुकानात येऊन हुकावरची हिरवी सायकल बघितली. मागचं चाक काढलेलं होतं. "दाखवा," तो म्हणाला.

मी ट्रे पुढे ठेवला. गंजलेल्या स्प्रिंगांचे तुकडे मी टाकले नव्हते. त्याने एक उचलला. तो त्याच्या बोटाला चिकटून राहिला, एवढा बारीक. संतोष दिवसभर ट्रकच्या चाकांशी काम करणारा पोरगा. त्या केसाएवढ्या तारेकडे तो बघत राहिला.

"अण्णांना म्हाईत हाय?"

"ते तू त्यांना विचार."

"नाय विचारत," तो म्हणाला. तुकडा परत ट्रेमध्ये ठेवत म्हणाला, "ते मला कवाच बोलले न्हाईत. हाताला प्लास्टर हुतं तवा मी रोज त्यांच्या तोंडावर सायकलीला शिव्या घालायचो. निस्ते ऐकून घ्यायचे."

मी स्टूल सरकवलं. टेम्पोखाली सापडलेल्या एका सायकलीचा असाच हब माझ्याकडे सुटे भाग म्हणून पडून होता. त्याच्या स्प्रिंगा चांगल्या होत्या. मी त्या काढल्या, रॉकेलने सगळं धुतलं, आणि भरायला बसले. कुत्रे बसवताना एक हात कमी पडतो. एकाने स्प्रिंग दाबून धरायची, दुसऱ्याने पिन सारायची. संतोषने न सांगता बोट पुढे केलं. त्याची बोटं पाण्यात राहून पांढरी पडलेली, सालं निघालेली. ती जराही हलली नाहीत. शेवटचा कुत्रा उभा राहिला तेव्हा मी हब हातात धरून फिरवला आणि त्याच्या कानाशी नेला.

"हे आईला ऐकू येतं?" त्याने विचारलं. "बसल्या जागेवरनं? रस्त्यात?"

"येतं."

मग पाऊस लागला. भाऊंचं मनगट जुळत होतं, लावणीची घाई होती, आणि ओल्या रस्त्यावर पहिली फेरी नको असं भाऊंचं, संतोषचं आणि माझं ठरलं. सायकल हुकालाच राहिली. मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: हिरवी, तयार, पाऊस गेल्यावर.

म्हणून खंडेनवमी. हायवेवर गाड्यांची रांग लागलेली असणार, आणि संतोष आमच्या दुकानात मांडी घालून ओल्या फडक्याने सायकल पुसत बसला होता. एकेक तार वेगळी पुसत होता. हबपाशी आला की कोरडं फडकं घ्यायचा.

"मालक काय म्हणेल तुझा?" मी विचारलं.

"शिव्या दिल. मागच्या साली त्या काळ्या गाडीवाल्यानं दिल्या, ह्या साली मालक दिल. दसऱ्याला मला शिव्या ठरलेल्या हायेत."

किसनभाऊ उभे राहून बघत होते. त्यांना कळलं होतं की संतोषला कळलं आहे. दोघंही त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत आणि मला वाटतं बोलणारही नाहीत. भाऊ फक्त मधूनच म्हणत होते, "तितं राह्यलं बघ. मडगार्डच्या खाली." आणि संतोष पुसत होता.

मावशी कॅरिअरवर बसल्या. उजवा हात सीटच्या स्प्रिंगला. गार्डसाहेबांनी खिशातून खरोखरच हिरवा रुमाल काढला आणि दाखवला. भाऊंनी पेडल मारलं. बाजाराच्या गल्लीतून सायकल निघाली आणि आम्ही तिघं मागे चालत, संतोष जवळजवळ पळत, एक हात कॅरिअरच्या मागे धरल्यासारखा, पण टेकवलेला नाही.

मावशींनी मान तिरकी केली होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाल्या, "बोलतंय."

पुढे मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक चढ आहे. फार नाही, पण मागे माणूस असेल तर जाणवणारा. भाऊंनी खालचा गिअर टाकला. टिकटिक थांबली. आता कुत्र्यांची पाळी. मी हबकडे बघत होते, भाऊंच्या पायांकडे, आणि संतोषच्या हाताकडे, जो आता कॅरिअरला टेकला होता. भाऊंनी जोर लावला. पेडल खाली गेलं आणि त्याच्याबरोबर सायकल वर. पुन्हा. पुन्हा. संतोषने हात काढून घेतला. वर पोचल्यावर भाऊंनी गिअर बदलला आणि लांबूनही मला वाटलं की मला टिकटिक ऐकू आली. येणं शक्य नव्हतं. बाजार भरला होता.

परत आल्यावर चहा झाला. गार्डसाहेबांनी निकाल दिला की हब समाधानकारक आहे. मी भाऊंना तेव्हाचं माझं वाक्य दुरुस्त करून सांगितलं: यात बिघडण्यासारखं थोडंच आहे, आणि जे आहे ते आधी सांगून बिघडतं. भाऊ म्हणाले, "मला न्हाई सांगत. हिला सांगतं."

त्यावर मावशींनी पेला खाली ठेवला. "मंग गिअर माझ्याकडं द्या," त्या म्हणाल्या. "हे चढ लागला तरी येळेवर टाकत न्हाईत. आत्ताबी उशीर केला. माझा हात तितंच असतो, स्प्रिंगपाशी. तितं बसवा."

"आणि पाय कुणी थांबवायचा?" मी म्हणाले. गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर काढावा लागतो, नाहीतर दाते घासतात. "तुम्ही बदलणार, पाय भाऊंचे."

"मी थांब म्हनले की थांबायचं. त्यात काय."

"म्हंजे वडिवळ्यापतुर थांब, थांब ऐकत यायचं," भाऊ म्हणाले. "घरी ऐकतो तेवढं बास न्हाई का?"

संतोष फडकं पिळता पिळता हसायला लागला. त्या घरातलं कुणी हसलेलं मी उन्हाळ्यापासून पहिल्यांदा ऐकत होते.

हे काम अवघड नाही. सीटखालच्या नळीला गिअरची दांडी बसते, वायर उलट आखूडच लागेल. सामान दुकानात आहे. पण दोन माणसांच्या सायकलीला दोघांचीही संमती लागते, आणि भाऊ प्रत्येक बाजाराला म्हणतात, "बघू, फुडच्या बाजाराला." मावशी म्हणतात, "लिवून ठेव, बाई." मी लिहून ठेवलं आहे. दिवाळीच्या आधी फळा पुसून नवा केला तेव्हा जुनी सगळी कामं संपलेली होती, ही एक ओळ सोडून. ती पुन्हा सगळ्यात वर लिहिली आहे: हिरवी सायकल, गिअर मागे, मावशींच्या उजव्या हाताला.